फोटोला आधी दाखला विचारा

७ डिसेंबर १९७२ रोजी दुपारी चारच्या सुमारास मी काय करत होते, ते मला सांगता येणार नाही. नऊ वर्षांची होते. दुष्काळ होता, घरात मिलोची लालसर भाकरी चालू होती आणि आई खडी फोडायच्या कामावर जात होती, एवढं आठवतं. पण त्या वेळी पृथ्वी कशी दिसत होती ते मात्र नेमकं सांगता येतं, कारण तिचा त्या दुपारचा फोटो आहे. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १७ मधून, सुमारे २९,००० किलोमीटरवरून काढलेला. हॅसलब्लाड कॅमेरा, ८० मिलिमीटरची झाइस लेन्स, सूर्य यानाच्या पाठीशी, म्हणून पूर्ण गोळा उजळलेला. वर अरबस्तान, मध्ये आफ्रिका, खाली अंटार्क्टिकाचा बर्फ. उजवीकडे वर, अगदी कडेला, ढगांचा एक भोवरा दिसतो. दोन दिवसांपूर्वी तामिळनाडूत पूर आणून गेलेलं चक्रीवादळ ते हेच. तिकडे पूर, इकडे आमच्या विहिरीत दगड दिसत होते. आपला भाग त्या फोटोत शोधू नका; तो कडेवर दबलेला आहे.

या फोटोचा नंबर आहे एएस१७-१४८-२२७२७. एएस१७ म्हणजे मोहीम, १४८ म्हणजे फिल्मचं मॅगझिन, २२७२७ म्हणजे त्यातली फ्रेम. शाळेच्या दाखल्यावर जसा जनरल रजिस्टरचा नंबर असतो, तसा. मी मेहकरला तीस वर्षं भूगोल शिकवला आणि दाखले लिहिण्याचं कामही बरीच वर्षं माझ्याकडेच होतं, म्हणून मला ही उपमा सुचते. पृथ्वीचा म्हणून जो कोणता फोटो मोबाइलवर येईल, त्याला आधी दाखला विचारायचा: कोणी काढला, कधी काढला, किती उंचीवरून, कशाने? खऱ्या फोटोकडे ही उत्तरं असतात. एखादा रकाना रिकामा असला तरी हरकत नाही. या १९७२ च्या फोटोचंच बघा. शटर नेमकं कोणी दाबलं यावर यानातले अंतराळवीर सर्नन, एव्हान्स आणि श्मिट या तिघांचंही म्हणणं ‘मीच’ असं होतं. शेवटी फोटो तिघांच्या नावावर राहिला.

आता कामाला लागू. फोटो कसा तपासायचा, स्वतः कसा शोधायचा, आपल्या गावाचा कसा काढायचा आणि भिंतीवर कसा लावायचा, ते माझ्या अनुभवाप्रमाणे सांगते.

जावईबापूंची दिवाळी

दरवर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरच्या ग्रुपवर एक चित्र येतं. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि खाली ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश’. पाठवणारे आमचे भाचेजावई. आता जावयाला चारचौघांत चूक म्हणायचं कसं? पहिली दोन वर्षं मी हात जोडल्याचं चित्र पाठवून गप्प बसले.

मग एकदा त्यांच्या त्या चित्राचा दाखला काढला. अमेरिकेच्या हवामान खात्यासाठी, म्हणजे नोआसाठी, काम करणारे ख्रिस एल्विज यांनी ते २००३ मध्ये तयार केलं होतं. हवामानाच्या लष्करी उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेले रात्रीचे दिवे त्यात एकावर एक ठेवले आहेत. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मध्ये, लाल २००३ मध्ये. म्हणजे ते रंग आकाशकंदिलांचे नाहीत, वर्षांचे आहेत. वाढती वस्ती आणि पसरणारी वीज दाखवणारा तो नकाशा आहे. मला तर तो दिवाळीपेक्षा जास्त आवडतो.

खरी दिवाळीही टिपलेली आहे. १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री सुओमी एनपीपी या उपग्रहाने भारत टिपला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री. त्यात शहरं नेहमीसारखीच दिसतात. पणत्यांनी आणि माळांनी पडणारी भर इतकी थोडी असते की वरून ती कळत नाही, असं नासानेच त्यासोबत लिहिलं होतं.

मी जावयांना खासगीत लिहिलं: ‘जावईबापू, चित्र फार छान आहे. फक्त ती दिवाळी नाही, गावोगाव वीज कशी पसरली ते आहे. खरा दिवाळीचा सोबत पाठवते, थोडा फिका आहे.’ त्यांनी अंगठा दाखवला. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच चित्र आलं, पण या वेळी त्यांच्या मोठ्या भावाकडून. चालायचंच.

चित्राचं मूळ काढायची पद्धत सोपी आहे. चित्र मोबाइलमध्ये उतरवून घ्या, गूगल लेन्समध्ये उघडा किंवा टिनआयच्या साइटवर चढवा. टिनआयमध्ये ‘सर्वांत जुनं आधी’ असा क्रम लावता येतो, त्याचा उपयोग होतो: २०१९ ची म्हणून आलेली गोष्ट २००९ सालीच कुठेतरी पडलेली असते. हे उदाहरण मनचं नाही. जुलै २०१९ मध्ये चांद्रयान २ निघालं आणि आठ दिवसांत ‘चांद्रयानाने पाठवलेले पहिले फोटो’ फिरू लागले. माझ्याकडे आलेल्या एकात ढगांना गोल भोक पाडून वर आलेला ज्वालामुखीचा लोट होता. तो कुरील बेटांवरचा सारिचेव्ह ज्वालामुखी, १२ जून २००९ चा, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून काढलेला. फोटो शंभर टक्के खरा, दाखला दुसऱ्याचा.

चांद्रयान २ चे खरे फोटो ३ ऑगस्ट २०१९ चे. त्यात अमेरिका खंड आणि प्रशांत महासागर दिसतो, आणि ‘आपल्या यानातून अमेरिकाच का दिसते?’ असं मला दोघातिघांनी विचारलं. उत्तर वेळेत आहे. फोटोची जागतिक वेळ १७ वाजून २८ मिनिटं. त्यात साडेपाच तास मिळवा, आपल्याकडे रात्रीचे अकराला दोन मिनिटं कमी. उजेडाच्या बाजूला तेव्हा भारत असणारच नाही. ही बेरीज करायची सवय लावून घ्या. फोटोखालची वेळ आणि फोटोतला दिवस जुळत नसला की कुठेतरी पाणी मुरतंय.

गोल आणि पट्टी

कोणत्या उंचीवरून किती दिसतं, हे कळलं की अर्ध्याहून जास्त गफलती तिथेच पकडता येतात. त्यासाठी शाळेतला पृथ्वीगोल घ्या. आमचा ३० सेंटिमीटर व्यासाचा होता, हिमालयाच्या जागी पोरांची बोटं लागून रंग गेलेला. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण सव्वाचारशे किलोमीटर.

अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. गोलावर हे अंतर होतं जेमतेम साडेनऊ मिलिमीटर. मोबाइलचा कॅमेरा गोलापासून करंगळीच्या जाडीएवढा लांब धरा आणि बघा पूर्ण गोल मावतो का. नाही मावणार. मेहकरच्या डोक्यावरून स्थानक जात असेल तर क्षितिज सगळीकडे साधारण २,२०० किलोमीटरवर. एका वेळी पृथ्वीचा तीन टक्के भाग नजरेत. म्हणून ‘अवकाश स्थानकातून काढलेला संपूर्ण पृथ्वीचा फोटो’ असं कोणी म्हटलं, की पुढे वाचायची गरज नाही.

आता मागे मागे सरकू. १९७२ चा अपोलोचा फोटो गोलापासून ६८ सेंटिमीटरवरून, म्हणजे हातभर लांबून. तिथूनही अर्धी पृथ्वी दिसत नाही, सुमारे ४१ टक्के दिसते. आपले इन्सॅट उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटरवर असतात, ते ८४ सेंटिमीटरवर. मंगळयानाने १९ नोव्हेंबर २०१३ रोजी ६७,९७५ किलोमीटरवरून भारतीय उपखंड टिपला होता, बंगालच्या उपसागरातल्या हेलन वादळासकट. ते १ मीटर ६० सेंटिमीटर, म्हणजे पहिल्या बाकावरून. चंद्र नऊ मीटरवर, वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी. आणि डिस्कव्हर नावाच्या उपग्रहावरचा एपिक कॅमेरा १५ लाख किलोमीटरवर आहे. त्यासाठी मी गण्या नावाच्या पोराला फाटकाच्या बाहेर, पस्तीस मीटरवर, चिंचेखाली उभं केलं होतं. तास संपला तरी तो तिथेच.

याच कारणाने आफ्रिका एका फोटोत मोठी आणि दुसऱ्यात लहान दिसते. चेहऱ्याजवळ मोबाइल धरून सेल्फी काढली की नाक मोठं येतं आणि कान गायब होतात, तसं. खंडांचा आकार बदलतो म्हणून फोटो खोटा, असा एक युक्तिवाद नेहमी येतो. त्याला उत्तर गोलापाशीच मिळतं, वाद घालावा लागत नाही.

क्लिक, झाडू आणि ठिगळ

सगळ्यालाच आपण फोटो म्हणतो, पण यात तीन जाती आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, एका क्लिकचा फोटो. माणसाने किंवा यंत्राने शटर उघडलं, बंद केलं, झालं. अपोलोचे फोटो असे, स्थानकातले असे. सर्वांत जुना २४ ऑक्टोबर १९४६ चा: अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समधून उडवलेल्या व्ही-२ रॉकेटवर ३५ मिलिमीटरचा कॅमेरा होता, शंभरएक किलोमीटर वर जाऊन तो खाली आदळला. कॅमेऱ्याचा चुरा झाला, फिल्म पोलादी डब्यात होती म्हणून वाचली.

दुसरी जात झाडू मारल्यासारखी. युरोपचा सेंटिनेल-२ किंवा अमेरिकेचा लँडसॅट हे उपग्रह क्लिक करत नाहीत. झेरॉक्स मशीनमध्ये दिवा जसा कागदाखालून सरकतो, तसे ते ओळीमागून ओळ टिपत पुढे जातात. इन्सॅट-३डीला पृथ्वीची अख्खी थाळी टिपायला २६ मिनिटं लागतात. वरची कड आणि खालची कड यांत तेवढा फरक. एपिक कॅमेरा क्लिक करतो, पण एका वेळी एकाच रंगात. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगवेगळे फोटो तो थोड्या थोड्या वेळाने घेतो आणि मग ते एकत्र केले जातात. जुलै २०१५ मध्ये पृथ्वीसमोरून चंद्र जाताना त्याने टिपला, तेव्हा चंद्राच्या एका कडेला हिरवट किनार आली. लोकांनी लगेच ‘चिकटवलाय’ म्हणून बोंब मारली. खरं तर हिरव्याची पाळी येईपर्यंत चंद्र थोडा सरकला होता, एवढंच. चिकटवणाऱ्याने ती किनार आधी पुसली असती.

सेंटिनेलमध्येही हीच गंमत दिसते. उडतं विमान सापडलं तर ते निळं, हिरवं, लाल असं तीनदा दिसतं, इंद्रधनुष्याच्या तुकड्यासारखं. मुंबईच्या आसपासच्या एखाद्या स्वच्छ सकाळच्या चित्रात शोधा. सापडल्यावर जो आनंद होतो तो मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही झाला.

तिसरी जात ठिगळं जोडलेली, म्हणजे जोडचित्रं. २००२ ची प्रसिद्ध ‘ब्लू मार्बल’, जी पहिल्या आयफोनवर होती, ती अशी. टेरा उपग्रहाने महिनोन्‌महिने टिपलेल्या तुकड्यांतून ढग वगळून जमीन जोडली, ढग वेगळे वर ठेवले आणि संगणकावर गोल केला. नासाने हे कधी लपवलं नाही, तिथेच लिहिलेलं आहे. गूगल अर्थही गोधडीच. तिला खोटं म्हणणं म्हणजे गोधडीला खोटं कापड म्हणण्यासारखं आहे. कापड खरंच असतं, फक्त ते एका ताग्यातलं नसतं. पण तिला ‘अमक्या क्षणाचा फोटो’ही म्हणू नये.

ओळखायचं कसं? ढग बघा. संपूर्ण देशावर एकही ढग नाही, तर ते बहुधा जोडचित्र. ढगाचा एकच आकार दोन ठिकाणी, तर कोणीतरी शिक्का मारल्यासारखा उमटवलाय. पाण्यावर सूर्याची चमक बघा: पूर्ण गोलाच्या खऱ्या फोटोत समुद्रावर एके ठिकाणी ती पडते. दिवस आणि रात्र यांची सीमा धूसर असते, सुरीने कापल्यासारखी नाही. आणि अर्ध्या गोलावर लख्ख ऊन नि अर्ध्यावर शहरांचे झगमगते दिवे एकाच चित्रात दिसले, तर ते कलाकाराचं काम समजा. उन्हाला बेतलेल्या शटरमध्ये दिवे उमटत नाहीत.

फोटो शोधायचा कुठे

स्थानकातल्या फोटोंसाठी नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरची एक साइट आहे, ‘गेटवे टू अ‍ॅस्ट्रॉनॉट फोटोग्राफी ऑफ अर्थ’. या नावाने शोधलंत की पहिल्यातच सापडते. दिसायला जुनाट आहे, घाबरू नका. तिथे ठिकाणाच्या नावाने शोधता येतं, पण माझा सल्ला अक्षांश-रेखांशाने शोधा. बहुतेक फोटोंना कोणी नावं दिलेली नाहीत, पण कुठला भाग आहे याची नोंद असते. लोणारसाठी उत्तर १९.९८ आणि पूर्व ७६.५१. आपल्या गावाचे आकडे गूगल मॅपवर बोट दाबून धरलं की मिळतात.

फोटो उघडला की खाली दाखला असतो, आणि काय दाखला! तारीख, सेकंदापर्यंत वेळ, कॅमेरा, लेन्स किती मिलिमीटरची, स्थानक तेव्हा कोणत्या जागेच्या डोक्यावर होतं, किती उंचीवर, सूर्य क्षितिजाच्या किती अंश वर, ढग किती टक्के. यातली ‘स्थानक कुठे होतं’ ही ओळ नीट वाचा. कॅमेरा सरळ खाली असेल असं नाही. अंतराळवीर कपोलाच्या, म्हणजे स्थानकाच्या घुमटासारख्या सज्जाच्या, सात खिडक्यांतून तिरकेही फोटो काढतात. स्थानक बंगालच्या उपसागरावर आणि फोटो हैदराबादचा, असंही होतं. मग फोटोत उत्तर दिशा वर नसते आणि आपण नदी उलटी शोधत बसतो.

सुरुवातीला एक फोटो मुद्दाम बघा: २१ ऑगस्ट २०११ चा, मोहीम २८, म्हणजे नंबर आयएसएस०२८ ने सुरू होणारा. रात्रीच्या अंधारात भारत-पाकिस्तान सीमा केशरी दोऱ्यासारखी उजळलेली दिसते. ते सीमेवरचे प्रकाशझोत. ‘अवकाशातून सीमा दिसत नाहीत’ हे भाषणातलं वाक्य मी त्या दिवसापासून वापरायचं सोडलं.

फोटो उतरवताना सर्वांत मोठी फाइल घ्या. समोर दिसते ती लहान प्रत असते, ती मोठी केली की चौकोन दिसायला लागतात.

रोजची अख्खी पृथ्वी हवी असेल तर एपिकच्या साइटवर २०१५ पासूनचं भांडार आहे, तारीख निवडा आणि भारत समोर असलेली वेळ गाठा. जपानचा हिमावारी उपग्रह दर दहा मिनिटांनी टिपतो, पण तो १४०.७ पूर्व रेखांशावर आहे, म्हणून आपण त्याच्या डाव्या कडेला चपटे होऊन दिसतो. आपल्यासाठी हवामान खात्याच्या साइटवरची इन्सॅटची चित्रं. मात्र तिथे जे रंगीत दिसतं ते बहुधा उष्णतेचं चित्र असतं: ढग जितका थंड, तितका रंग गडद. वादळाचा लालभडक गोळा ‘अवकाशातून असा दिसतोय’ म्हणून पाठवू नका. डोळ्याला तो पांढराच दिसेल.

लोणार गुलाबी झालं तेव्हा

जून २०२०. टाळेबंदी. शाळा बंद, मी घरी, आणि मोबाइलवर फोटो: लोणारचं पाणी गुलाबी. आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, पण जायला परवानगी नाही. शेजारचे भाऊ म्हणाले, ‘मॅडम, रंग भरलाय कोणीतरी.’ मलाही तेच वाटलं. मग म्हटलं, वरून बघू.

नासाने लँडसॅटची २५ मे आणि १० जूनची चित्रं शेजारी शेजारी लावली होती. पहिल्यात सरोवर हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नंतर सांगितलं की पाणी आटून खारेपणा वाढला आणि हॅलोआर्किया या खारटात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला. पण मला स्वतःच्या हाताने बघायचं होतं, आणि तेव्हा शिकलेली रीत ही.

युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ब्राउझर उघडा (मी शिकले तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं). नकाशा ओढत आपल्या गावावर आणा. उपग्रह सेंटिनेल-२ निवडा, ढगांची मर्यादा वीस टक्क्यांवर आणा आणि दिनदर्शिकेतली एखादी तारीख दाबा. आता सर्वांत महत्त्वाचं: चित्राचा प्रकार ‘ट्रू कलर’ आहे ना ते बघा. ‘फॉल्स कलर’ निवडलं तर डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणं लाल रंगात दाखवली जातात आणि हिरवीगार झाडं लालबुंद होतात. माझ्या हातून पहिल्यांदा नेमकं तेच निवडलं गेलं. सरोवर राहिलं बाजूला, सगळं काठावरचं जंगल रक्तासारखं. मी भाऊंना हाक मारली, ‘अहो, इथं तर झाडंही लाल झालीत!’ पंधरा मिनिटं आम्ही दोघं मास्क लावून त्या पडद्याकडे बघत होतो. मग वरचा तो शब्द वाचला. तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई.

लोणारवर आणखी एक गोष्ट शिकता येते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा, म्हणजे विवरावर आडवे १८० ठिपके; काठ, पाणी, जंगल सगळं कळतं. लँडसॅटचा ३० मीटरचा, ६० ठिपके. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या साइटवर रोजचं चित्र मिळतं, पण ठिपका २५० मीटरचा, म्हणजे सातच ठिपके. डाग दिसतो, लोणार नाही. एपिकमध्ये तर अख्खं विवर एका ठिपक्यातही हरवतं. म्हणून आधी ठरवा काय बघायचंय. शेततळं बघायला वर्ल्डव्ह्यू कामाचं नाही, आणि पंजाबपासून बंगालपर्यंत पसरलेलं हिवाळ्यातलं धुकं बघायला सेंटिनेल नको. सेंटिनेल-२ दोन उपग्रह मिळून पाच दिवसांतून एकदा येतो, सकाळी साडेदहाच्या सुमारास. आज सकाळी गावात आग लागली आणि ‘आत्ताचं’ चित्र हवंय, तर ते मिळत नाही. पावसाळ्यात तर जुलैभर नुसता कापूस. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपला हंगाम.

पहिल्या खेपेला सह्याद्री बघू नका, चकवा बसेल. सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे पडद्यावर उजेड उजवीकडून खालून येतो. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची सवय. त्यामुळे मेंदू डोंगराची दरी करतो आणि दरीचा डोंगर. कोयनेच्या बाजूला मी हे पाहिलं तेव्हा ओढे डोंगराच्या माथ्यावरून धावत होते. पाणी माथ्यावर दिसलं की समजा चित्र नाही, आपण उलटे झालोय. मोबाइल उलटा धरा, दक्षिण वर करा, सगळं जागेवर येतं.

हो, आणि दक्षिण वर असण्यात खोटं काही नाही. अपोलो १७ च्या मूळ फ्रेममध्ये दक्षिणच वर आहे, छापताना फिरवली. बिल अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून टिपलेला पृथ्वी उगवण्याचा फोटोही त्यांच्या नजरेत आडवा होता, चंद्राची जमीन उजव्या बाजूला भिंतीसारखी उभी. फिरवणं, कडा कापणं हे नेहमीचंच. भर घालणं वेगळं.

छापताना

एपिकचा कॅमेरा २,०४८ बाय २,०४८ ठिपक्यांचा. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर नीट छाप येतो सतरा सेंटिमीटरचा, वहीएवढा. भिंतीएवढा हवा असेल तर अपोलोच्या फिल्मचं मोठं स्कॅन घ्या. नासाचे फोटो बहुधा हक्कमुक्त असतात, तरी खाली नाव आणि नंबर लिहा. सेंटिनेलचं चित्र असेल तर ‘कोपर्निकस सेंटिनेल डेटा’ आणि वर्ष लिहावं लागतं.

दुकानदाराला तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: रंग वाढवायचे नाहीत, ताणून लांबट करायचं नाही, काळं काळंच ठेवायचं. हे मी का सांगते?

निवृत्तीच्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मी एएस१७-१४८-२२७२७ चं चार फुटी फ्लेक्स करायला टाकलं. संध्याकाळी आणायला गेले. पृथ्वी उत्तम आली होती. पण भोवतीच्या काळ्यात शे-दीडशे चांदण्या लुकलुकत होत्या, दोनतीन तर चार टोकांच्या, चमक मारणाऱ्या.

‘हे काय केलंस?’

‘मॅडम, काळं फार रिकामं दिसत होतं. अवकाश वाटंना. म्हणून टाकल्या. त्याचे पैसे नाही लावले.’

पोरगा चांगला होता आणि मेहनत मनापासून केली होती, त्यामुळे रागावताही येईना. मी त्याला दुकानाबाहेर आणलं. समोरच्या चौकात गणपतीचा मांडव होता, हॅलोजनमध्ये न्हालेला. म्हटलं, काढ मोबाइलवर फोटो. काढला. आता आकाश बघ. वर चांगल्या वीसपंचवीस चांदण्या होत्या. फोटोत बघ. फोटोत मांडव झगझगीत आणि वर नुसतं काळं. मांडव नीट यायला शटर इतकं कमी वेळ उघडलं की चांदण्यांचा अंधुक उजेड उमटलाच नाही. उन्हातली पृथ्वी तर त्या मांडवाच्या कितीतरी पट उजळ.

तो म्हणाला, ‘मग पुन्हा छापू?’ प्रदर्शन सकाळी नऊला होतं आणि फ्लेक्सचा रोल संपला होता. रात्री मी आणि माझी नात काळा मार्कर घेऊन बसलो आणि एकेक चांदणी बुजवली. दोन राहून गेल्या, एक अंटार्क्टिकाच्या खाली आणि एक डाव्या कोपऱ्यात. फ्लेक्स अजून शाळेच्या जिन्यात आहे. खाली मी नंबर लिहिलाय, तारीख लिहिलीय, आणि कंसात: ‘दोन चांदण्या मूळ फोटोत नाहीत. शोधा.’